चिठ्ठी टेबलावर ठेवून जाऊ नकोस

ताई,

मी ३७ वर्षांची आहे. मूळची वर्ध्याची, गेली ११ वर्षं लंडनमध्ये. इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. वयाने लहान आहे, तेव्हा मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

२०१७ मध्ये आमचं लग्न झालं. नवरा योरुबा आहे. त्याचे आईवडील नायजेरियातल्या इबादानचे, तो स्वतः इथेच पेकहॅममध्ये वाढला. दुसऱ्याच भेटीत त्याने माझा जीनोटाइप, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट, विचारला होता, मला हसू आलं होतं. तो एएस, म्हणजे वाहक, मी एए, म्हणजे वाहक नाही, अशी निघाले. घरून विरोध झाला, काका 'हबशी' म्हणाले, पण शेवटी वर्ध्यात हॉल घेऊन लग्न लागलं. आता बाबा त्याला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुप्रभात' पाठवतात आणि तोही न चुकता उत्तर देतो.

मूल होत नाही. दोष माझ्यात आहे. एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा आकडा, फारच कमी. तीनदा आयव्हीएफ केलं, एकदा एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, दोनदा साठवलेल्या पैशांतून. इंजेक्शनं तोच द्यायचा, रोज रात्री आठला, आधी हात चोळून गरम करून. दुसऱ्या वेळी राहिलं आणि सातव्या आठवड्यात गेलं. तिसऱ्या वेळी एकही बीज मिळालं नाही. आता डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्या. आई म्हणते, नागपूरला ये, इथे स्वस्तात होईल. पुण्याची धाकटी बहीण, ३२ वर्षांची, दोन मुलांची आई, म्हणते माझं घे. दिवाळीत मावशीचा फोन आला, तो स्पीकरवर होता. ती म्हणाली, घ्यायचंच तर गोऱ्या बाईचं घ्या, बाळ जरा उजळेल. पण ताई, कोणाचंही घेतलं तरी बाळ त्याचं असेल, माझं त्यात काय? बसमध्ये लोक मला आया समजतील.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, आता मुलगा होईल आणि तो बाबाटुंडे असेल, म्हणजे सासरेच परत आलेले. मला त्या अजून 'इयावो' म्हणतात, म्हणजे नवरी. जाऊबाई कधीच मुलाच्या नावाने 'इया अमुक' झाल्या, म्हणजे अमक्याची आई. माझं नवरीपण काही संपत नाही.

नवरा दिवाळीपासून गप्प गप्प आहे. परवा तो भावाला फोनवर म्हणाला, 'ओ ती सू मी'. मी अर्थ शोधला: कंटाळलो. योरुबात तो, ती, ते, सगळ्यांना 'ओ'च म्हणतात. मग तो कशाला कंटाळला, की कोणाला? दुसऱ्या वेळी क्लिनिकने भ्रूणाचा फोटो दिला होता, तो मी नंतर कचऱ्यात टाकला होता. मागच्या आठवड्यात त्याच्या पाकिटात दिसला, का ठेवलाय कोण जाणे.

गेल्या महिन्यात घराजवळच्या थिएटरात आम्ही एक छोटा, कोणीतरी कमी पैशात काढलेला सिनेमा पाहिला. नवरा काळा, बायको आपल्याकडची, मूल नाही. एका रात्री ती टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून जाते, त्याने आपल्या माणसांतली मुलगी करावी म्हणून. तो स्टेशनवर धावतो, गाडी सुटते. दोन वर्षांनी ती भेटते तेव्हा कडेवर मूल. गेली तेव्हाच तिला दिवस गेलेले असतात. तो थिएटरात रडला. घरी येईपर्यंत बसमध्ये एक शब्द बोलला नाही. त्या रात्री मीही चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत शब्द येईनात, म्हणून मराठीत. पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे. त्याला मोकळं करावं का?

– एक वाचक, लंडन

*

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं लिहिता लिहिता ते हरवायला नको. नाही. त्याला मोकळं करू नकोस. आपण अडकलोय असं त्याने तुला कधी सांगितलेलं नाही. ते तू परस्पर ठरवलंस.

सिनेमातल्या त्या बाईने तुला धरून ठेवलं, यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडचे कितीतरी सिनेमे आणि मालिका याच गोष्टीवर उभ्या आहेत, नायजेरियातलेही सिनेमे आहेत: सुनेला मूल होत नाही, सासू दुसरी आणायला निघते, नाहीतर सूनच आपण होऊन वाटेतून बाजूला होते. बायका पिढ्यान् पिढ्या हे बघत आल्या, कारण त्यातलं दुःख खरं असतं. पण त्या चिठ्ठीकडे नीट बघ. चिठ्ठी लिहिणारीला सगळं बोलता येतं आणि वाचणाऱ्याला उलट एक शब्द बोलता येत नाही. तो धावत स्टेशनवर पोचतो तेव्हा गाडी सुटलेलीच असावी लागते, कारण गाडी थांबली तर दोघं बाकावर बसून बोलतील. आणि शेवटी तिच्या कडेवर मूल दिलं, म्हणजे त्यांचं लग्न मुलाने वाचवलं. मूल झालंच नसतं तर त्या दोघांनी काय केलं असतं, हे सांगायला सिनेमा थांबला नाही. तुला तर रोज सकाळी त्याच प्रश्नात डोळे उघडायचे आहेत.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते.

माझ्या आजीची थोरली जाऊ, तिला आम्ही सगळे मोठीआई म्हणायचो. वाईजवळचं गाव. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नाही म्हणून १९३९ साली तिने स्वतः जाऊन नवऱ्यासाठी मुलगी पाहिली. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती १९४६ मध्ये. मोठीआईने मुलगी पसंत केली, बोलणी केली, स्वतःच्या पाटल्या मोडून तिच्यासाठी डोरलं घडवून घेतलं. गावात तिचं फार नाव झालं. दुसरीला चार मुलं झाली, ती मोठीआईच्याच मांडीवर वाढली. घरात कधी भांडणाचा आवाज नाही. लहानपणी ही गोष्ट मी ऐकली ती मोठीआईच्या मोठेपणाची म्हणूनच.

१९७६ च्या मे महिन्यात मी सोळा वर्षांची होते. मोठीआईला जाऊन वर्ष झालं होतं. तात्या, म्हणजे तिचे यजमान, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्या वयात जीभ मोकळी असते. मी विचारलं, "तात्या, मोठीआईने दुसरं लग्न लावून दिलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" अडकित्ता थांबला. ते म्हणाले, "पोरी, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. तेवढ्यात म्हणाले, "मला ती पुरत होती." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

धाकटी आजी, म्हणजे तात्यांची ती दुसरी बायको, तेव्हा माजघरात होती. तिने ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. ऐकलं असेल तर त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल, हे मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही. पंधराव्या वर्षी तिला त्या घरात आणलं गेलं, तेही तिला न विचारता. तू चिठ्ठीत ज्या 'त्याच्या माणसांतल्या मुलीला' आपली जागा देऊन टाकतेस ना, तिच्या जागी मला ही धाकटी आजी दिसते.

मोठीआईचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तिने नवऱ्यासाठी जो त्याग केला तो नवऱ्याला न विचारता केला. मग त्याला काय हवं होतं, ते सदतीस वर्षांनी एका सोळा वर्षांच्या पोरीने विचारलं. आणि ते ऐकायला मोठीआई उरली नव्हती.

आता तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवते. त्या तू वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या आहेस, म्हणून कदाचित तुझ्या ध्यानात आलं नसेल. मावशींचा फोन दिवाळीत आला. नवरा दिवाळीपासून गप्प आहे. फोन स्पीकरवर होता, हे तूच लिहिलं आहेस. तुझ्या घरात इतकी वर्षं मराठी ऐकणाऱ्या माणसाला 'गोरी' हा शब्द कळत नसेल, असं तुला वाटतं का? 'बाळ जरा उजळेल' याचा अर्थ त्याच्यापुरता काय होतो, तो मोठ्याने म्हणून बघ. त्याचा रंग हा डाग आहे आणि पैसे खर्चून तो थोडा पुसता येईल, असं त्याच्याच घरात, त्याच्याच होणाऱ्या बाळाबद्दल कोणीतरी म्हणालं. मावशींना तू काय उत्तर दिलंस, ते मी पत्रात दोनदा शोधलं. नाही सापडलं.

मी तुला दोष देत नाही. तीन उपचारांनंतर माणसात भांडायची ताकद उरत नाही, हे मला कळतं. पण तू तिथे गप्प राहिलीस आणि तो त्यानंतर गप्प झाला, हे माझ्या डोळ्यांना दिसतं आहे. तो मुलाच्या नसण्याने गप्प आहे असं धरून चालू नकोस. मावशींना फोन कर आणि तो समोर बसलेला असताना कर. भांडायची गरज नाही. "मावशी, तू दिवाळीत जे बोललीस ते मला लागलं, आमच्या घरात असं बोललेलं चालणार नाही," एवढं पुरे. काकांच्या 'हबशी'लाही कधीतरी उत्तर द्यायला हवं होतं. हबशी म्हणजे हबशाणातला, आजच्या इथिओपियाकडचा माणूस. इबादानशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. मलिक अंबर हबशी होता आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. तो शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्याने निदान एवढं माहीत करून घ्यावं.

आणि तो फोटो. 'का ठेवलाय कोण जाणे' असं लिहून तू पुढे गेलीस, मी मात्र तिथून हलू शकले नाही. तू तो कचऱ्यात टाकला होतास. घरात तुम्ही दोघंच आहात. म्हणजे कधीतरी, तू झोपल्यावर किंवा कामावर गेल्यावर, त्याने कचऱ्याच्या डब्यात हात घातला. फोटो ओला झाला असेल, त्याला चहाचा चोथा लागला असेल. तो पुसला, वाळवला, पाकिटात मावेल असा दुमडला आणि तुला सांगितलं नाही, कारण तू तो टाकला होतास. तुला त्रास होईल म्हणून तो त्याचं दुःख लपवतो आहे आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून तू घर सोडून निघाली आहेस. दोघंही एकमेकांना न विचारता एकमेकांसाठी झिजता आहात.

'ओ ती सू मी'चं काय करायचं? मला योरुबा येत नाही. पण आपणही 'कंटाळा आला बाई' म्हणतो तेव्हा कशाचा, हे कुठे सांगतो? तीनदा रोज रात्री आठ वाजता बायकोच्या पोटात सुई टोचणारा माणूस सुयांना कंटाळू शकतो, हॉस्पिटलच्या खुर्च्यांना कंटाळू शकतो, नातेवाइकांच्या फोनना तर नक्कीच कंटाळू शकतो. त्यातलं कोणतं, ते इंटरनेट सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही. ते सांगू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो तुझ्या शेजारी झोपतो.

आता बीजाबद्दल. 'दोष माझ्यात आहे' हे वाक्य आधी खोडून टाक. मुलगी जन्मते तेव्हाच तिचा बीजांचा सगळा साठा घेऊन येते, नवीन बीजं तयार होत नाहीत. कोणाचा साठा लवकर आटतो, कोणाचा उशिरा. एएमएच हा त्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा आहे, त्यात कोणाची चूक नसते.

दुसरं म्हणजे, तुला वाटते तेवढी घाई नाही. स्वतःच्या बीजाने करायचं तर एकेक महिना मोलाचा असतो. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलं की हिशेब बदलतो, कारण वय बीजाचं धरलं जातं. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख ठेवणारी एचएफईए ही संस्था आहे. तिच्या आकडेवारीप्रमाणे दात्या स्त्रीचं बीज वापरलं तर गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल जन्मण्याचं प्रमाण उपचार घेणारीच्या सगळ्या वयोगटांत ३० टक्क्यांच्या वर राहतं. हा आकडा आशेचा आहे, पण सरळ वाच: त्यातही बहुतेक भ्रूणांतून मूल जन्मत नाही. चौथ्यांदाही रिकाम्या हाताने परत यावं लागू शकतं, हे दोघांनी मान्य करूनच आत पाऊल टाकावं. पण सहा महिने थांबून, झोपून, बोलून, मग ठरवलंत तर काही हातचं जाणार नाही. तुझ्या प्रकृतीत काही वेगळं असेल तर डॉक्टर सांगतीलच.

आईचा सल्ला मायेचा आहे आणि पैशांचं ती खरंच बोलते. पण दोन्ही देशांतले कायदे निराळे आहेत, आणि तो फरक तुझ्यापेक्षा तुझ्या मुलाला भोगावा लागेल. भारतात २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिची ओळख गुप्त राहते. मूल मोठं होऊन विचारायला लागलं तर त्याला सांगायला तुझ्याकडे काही नसेल. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ पासून नियम असा आहे की अशा मुलाला १८ वर्षांचं झाल्यावर दात्रीची ओळख मागता येते. त्या नियमाखाली जन्मलेली पहिली मुलं २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिथे एका दात्याच्या बीजातून जास्तीत जास्त दहा कुटुंबांत मुलं होऊ शकतात. आणि ज्या बाईने मूल पोटात वाढवून जन्माला घातलं तीच कायद्याने त्याची आई, बीज कोणाचंही असो. 'माझं त्यात काय' असं तू विचारलंस, त्याला तिथल्या कायद्याचं हे उत्तर आहे. मनाचं उत्तर निराळं असेल, त्याकडे येतेच.

बहिणीचं बीज लंडनमध्ये कायद्याने चालतं. तिचं मन मोठं आहे. पण तिला पुण्याहून येऊन काही आठवडे राहावं लागेल, तीही सुया टोचून घेणार, आणि पुढे आयुष्यभर ती त्या मुलाची मावशीही असेल आणि आणखी काहीतरीही. तिच्या नवऱ्याला विचारलं आहे का? ती उद्या त्या मुलाकडे बघून हळवी झाली तर तुला चालेल का? नाही म्हणालीस तरी तिचे उपकार विसरलीस असं होत नाही. हे दोन्ही जोडप्यांनी क्लिनिकच्या समुपदेशकासमोर बसून बोलायचं आहे. ब्रिटनमध्ये दात्याचं बीज घेण्याआधी क्लिनिकला समुपदेशन देऊ करावंच लागतं. ते फॉर्मवरच्या एका खुणेपुरतं उरकू नकोस.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली: दुसऱ्या भेटीत जीनोटाइप. आपल्याकडे पत्रिका बघतात, त्यांच्याकडे हे बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नायजेरियात साधारण चारांतला एक जण सिकलसेलचा वाहक असतो. आपल्या विदर्भातही, गडचिरोलीपासून तुझ्या वर्ध्यापर्यंत, आणि खानदेशात नंदुरबारकडे हा आजार घराघरांत माहीत आहे. तुझा नवरा एएस आहे. दात्रीही एएस निघाली तर दर वेळी चारांत एक शक्यता मूल आजारी जन्मण्याची. तेव्हा बीज बहिणीचं असो, नागपूरचं असो की लंडनचं, तो रक्ताचा रिपोर्ट आधी हातात घे. तू एए निघालीस म्हणून बहीणही एएच असेल असं नाही. मावशींनी रंगाची चर्चा केली, रक्ताची कोणीच केली नाही.

सासूबाईंबद्दल तुझं मन दुखावलं आहे, पण मला वाटतं तू त्यांचं चुकीचं ऐकते आहेस. योरुबा घरात लग्न होऊन आलेल्या बाईला इयावो म्हणतात ते 'घरची सून' या अर्थाने. लग्नाला किती वर्षं झाली याच्याशी त्याचा संबंध नसतो. साठीच्या बाईलाही तिचा दीर वहिनीच म्हणतो ना आपल्याकडे, तसं. तुला त्यात 'अजून आई झाली नाहीस' असं ऐकू येतं, कारण तुझ्या मनात ते दिवसरात्र वाजतंय. आणि मुलाच्या नावाने आईला हाक मारणं आपल्यालाही काही परकं नाही. माझ्या शेजारणींची खरी नावं मला वीस वर्षं माहीत नव्हती, सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या आई.

बाबाटुंडेचा अर्थ तुला माहीत आहे: बाबा परत आले. आजोबा गेल्यावर घरात जो मुलगा जन्मतो त्याला हे नाव देतात. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई हे नाव घेते तेव्हा ती तुझ्याकडे नातू मागते आहे की तिच्या नवऱ्यासाठी रडते आहे? एकदा त्यांच्याकडे एकटी जा. मुलाचा विषय काढू नकोस. "बाबांबद्दल सांगा ना, तुमची ओळख कशी झाली," असं विचार. इबादानची ती बाई तुझ्यासारखीच आपलं घर मागे ठेवून लंडनला आली आहे.

आता ते 'माझं त्यात काय'. बाळ तुझ्यासारखं दिसणार नाही याचं तुला दुःख आहे आणि ते तू एका वाक्यात आवरून घेतलंस. आवरू नकोस. आईचं नाक, आजीच्या हनुवटीवरची खळी, जे काही तू त्या न जन्मलेल्या मुलात मनाने पाहिलं होतंस, ते गेलं आहे. ते गेलं म्हणून रड, अगदी घरात माणूस गेल्यासारखी रड, आणि हे रडणं मुलाच्या आधी करून घे. नाहीतर उद्या ते मूल आरशासमोर उभं राहिलं की तुझा चेहरा पडेल आणि त्याला कळणारही नाही आपलं काय चुकलं. बसमध्ये आया समजतील म्हणतेस, तेही खरं आहे. तुझं स्वतःचं बीज असतं तरी मूल बापाच्या रंगावर गेलं असतं तर हेच झालं असतं. मिश्र लग्नातल्या कितीतरी बायका हे ऐकत आल्या आहेत. तिथे डोनर कन्सेप्शन नेटवर्क नावाची संस्था १९९३ पासून आहे, अशाच पालकांनी उभी केलेली. मूल नको असं ठरलं तरीही एकदा त्यांच्याकडे जाऊन या. ज्यांच्या घरात अशी मुलं वाढली त्यांनाच विचार, मूल 'आई' म्हणून हाक मारतं तेव्हा बीज आठवतं का.

दत्तकाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून थोडक्यात: इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानंतर मुलाचा आणि तुमचा वंश वेगळा आहे एवढ्याच कारणाने दत्तकाची दारं बंद होत नाहीत. आणि काहीच न करता दोघांनी राहायचं ठरवलंत तर तेही घरच असतं. यातलं कोणतं निवडायचं, ते त्याच्याशी बोलल्याशिवाय मी तुला सांगणार नाही.

बोलायचं कसं, ते सांगते.

तू चिठ्ठी मराठीत लिहिलीस, त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. टेबलावर ठेवून गेली असतीस तर ती वाचून घ्यायला त्याने कोणाकडे धाव घेतली असती? तुझ्या बाबांकडेच, त्या 'सुप्रभात'वाल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून. म्हणजे तुझा निरोप तुझ्या बापाला तुझ्या नवऱ्याला समजावून सांगावा लागला असता. हे डोळ्यांसमोर आण. मला वाटतं, तू मराठीत लिहिलंस कारण तुला जायचं नव्हतं. पण तेही मी परस्पर ठरवत नाही.

ती चिठ्ठी फाडू नकोस. रात्री आठ वाजता, ज्या वेळी तो हात चोळून गरम करायचा, त्या वेळी दोघं स्वयंपाकघरात बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पासपोर्टच्या पाकिटातली चिठ्ठी काढ आणि एकेक ओळ आधी मराठीत वाच, मग त्याला इंग्रजीत सांग. शब्द अडले तर अडू देत. तो मध्येच बोलला तर थांब, वाचन तिथेच सोडून दे. सिनेमातल्या नवऱ्याला हे करता आलं नाही. वाचून झालं तर त्याला तो फोटो पाकिटातून काढायला सांग, आणि 'ओ ती सू मी' म्हणजे नेमकं काय, ते विचार.

तो काय म्हणाला, ते मला नाही कळवलंस तरी चालेल.

– ताई